काचवाल्याच्या खिशातून

मी मोबाइल बोलतोय. हसू नका. तुम्ही म्हणाल, मोबाइल बोलणार नाही तर काय करणार? पण ज्या घरात मी आयुष्य काढलं तिथं माझ्यातून कुणी कधी 'हॅलो'सुद्धा म्हटलं नव्हतं. तेव्हा बोलताना कुठं अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. तिथं एका मुलीनं मला यंत्राला लावून माझे कान तपासले आणि शेजारणीला म्हणाली, "याचे कान बघ गं, काय तिखट आहेत!" तेव्हापासून माझ्या डोक्यात हवा गेली. दुकानातल्या कपाटात बाकीचे फोन आपल्या कॅमेऱ्याच्या बढाया मारायचे. मी मनात म्हणायचो, मारा लेको, फोनला शेवटी कानच लागतात.

एक दिवस एका मुलीनं मला विकत घेतलं. घरी नेलं, खोक्यातून काढलं आणि पहिलं काम काय केलं असेल? माझ्या रिंगचा आवाज कायमचा बंद करून टाकला! नुसती थरथर तेवढी ठेवली. मग तिनं मला तिच्या बाबांच्या हातात दिलं.

तिचे बाबा जन्मापासून ऐकू शकत नाहीत. आली का पंचाईत? एवढे तिखट कान घेऊन मी कुणाकडे आलो, तर यांच्याकडे.

बाबा फोटोंना चौकटी करतात. लोक त्यांना काचवाले म्हणतात. पुढं दुकान आणि मागं एक खोली, असा संसार. लग्नाचे फोटो, पदवीचे कागद, कुणाचे गेलेले आजोबा, सगळे भिंतीला टेकून काचेची वाट बघत उभे असतात. लोकांना वाटतं, ज्या घरात ऐकू येत नाही ते घर शांत असेल. अहो, कुठलं शांत! बाबा खिळे ठोकतात ते असे की शेजारचा औषधवाला कपाळाला हात लावतो. स्टूल फरफटत नेतात, पातेलं आदळतात, आणि स्वतः मात्र निवांत. ते सगळं ऐकायला घरात मी एकटाच.

मुलीला ऐकू येतं. पण तिची आईही बाबांसारखीच होती, त्यामुळं ती बोलण्याआधी हातांची भाषा शिकली. आई मी यायच्या आधीच गेली. तिचं चांदीचं कडं मुलगी हातात घालते. या घरात हाक मारायची ती तोंडानं नाही, पायानं. जमिनीवर पाय आपटला की थरथर पोचते आणि दुसरं माणूस वळून बघतं. नावंही हातांचीच. बाबा गालावर बोट टेकवतात, ते मुलीचं नाव, कारण तिथं तिला खळी पडते. मीही तिला खळीच म्हणतो.

खळीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली म्हणून तर मला आणलं. दर रविवारी दुपारी बाबा मला चौकटी चिकटवायच्या सरसाच्या डब्याला टेकवून उभं करायचे, समोर स्टूल ओढून बसायचे, आणि माझ्या काचेत खळी दिसायची. मग बापलेकीचे हात जे सुटायचे! बघून बघून मलाही ती भाषा येऊ लागली. माझ्या कानांना मात्र काही काम नसायचं. तिच्या हातातलं कडं मधूनमधून टेबलावर आपटायचं, तेवढंच ऐकू यायचं. मी त्या आवाजावर समाधान मानायला शिकलो.

अलीकडे त्यांच्यात एकच विषय चालायचा. खळी म्हणायची, "माझ्याकडे राहायला या. तुम्ही तिथं एकटे." बाबा म्हणायचे, "मी मजेत. माझं दुकान आहे." ती म्हणायची, "दुकान किती दिवस?" हे म्हणायचे, "हात आहेत तोवर." आणि तळवा छातीवर ठेवून पुन्हा तेच, मजेत. नंतर ते मला बंद करून कितीतरी वेळ स्टुलावर तसेच बसायचे, हे तिला दिसत नव्हतं. मला दिसत होतं. कुणाच्या गळ्यात पडायचं नाही, लेकीच्या तर नाहीच, हा त्यांचा हट्ट.

मग मी पडलो. त्या दिवशी टेबलाच्या कडेला ठेवलेला होतो. खळीचा फोन आला, अवेळी. एरवी बाबांचा तळवा टेबलावर असतो, त्यांना माझी थरथर लगेच कळते. पण ते पाठ करून मोठी काच कापत होते. मी थरथरत थरथरत पुढं सरकलो आणि थेट फरशीवर. काय आवाज झाला म्हणून सांगू! औषधवाला दारातून डोकावला. बाबा आपले शांतपणे काच कापत होते. मागं सरताना त्यांचा पाय माझ्यावर पडता पडता राहिला, तेव्हा कुठं त्यांनी मला उचललं. एका कोपऱ्यातून निघालेला तडा मधोमध येऊन फुटला होता.

रविवारी खळीचा चेहरा माझ्यात दोन तुकड्यांत दिसला आणि तिचा उजवा हात त्या तड्यात बुडाला. हातांनी बोलणाऱ्यांना हे म्हणजे तोंडावर उशी ठेवण्यासारखं. बाबांनी मान इकडून तिकडून वाकडी करून पाहिली. मग त्यांनी सोपा उपाय काढला. ती काहीही म्हणाली की मान हलवायची.

तड्याची गोष्ट त्यांनी लपवली, कारण त्यांना ठाऊक होतं, ती लगेच म्हणणार, बघा, साधा फोन सांभाळता येत नाही, म्हणून सांगते या माझ्याकडे.

पण पोरगी कुणाची! तिनं तीन बोटं वर धरून विचारलं, "किती?" बाबांनी हसून मान हलवली, "हो, हो." खळीनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. मग तिनं त्यांना मला आरशासमोर धरायला लावलं. दुकानात आरशांना काय तोटा! स्वतःचं तोंड मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वाईट वाटलं हो.

"दुकानात न्या. बदलून घ्या, नाहीतर नवा घ्या," खळीनं हात मोठे मोठे करून सांगितलं.

मोबाइल दुरुस्त करणारा तरुण होता. बाबांनी कानाकडे बोट दाखवून मान हलवली, तर तो ओरडूनच बोलायला लागला. लोक असंच करतात. ऐकू येत नाही म्हटलं की आवाज चढवतात. "काका! स्क्रीन बदलण्यात अर्थ नाही! जुना मला द्या, नवा घेऊन जा!" शेवटी त्यानं ते कागदावर लिहून दिलं. बाबांनी वाचलं, मला उलटंपालटं करून पाहिलं, तड्यावरून अंगठा फिरवला आणि मला परत खिशात घातलं.

घरी येताना त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला त्यांच्या चालण्यावरून कळलं. जन्मभर ज्यानं गावाला काच बसवून दिली, त्यानं एवढ्याशा काचेसाठी दुसऱ्याच्या दारात जायचं? आणि मला मोडीत काढायचं? त्यांनी दुकानाचं दार लोटलं, टेबल पुसलं, बाह्या वर केल्या.

खोटं नाही सांगत, इतक्या हळुवार हातांनी मला कधी कुणी धरलं नव्हतं. दिव्याच्या उबेनं त्यांनी माझा गोंद सैल केला. पातळ पत्ती घालून तडकलेली काच उचलू लागले, जशी चौकटीतली काच उचलतात. त्यांच्या सगळ्या आयुष्यात काच आणि चित्र वेगवेगळं होतं. काच फुटली की नवी बसवायची, चित्राला धक्का लागत नाही. माझ्यात मात्र काच आणि चित्र एकमेकांना चिकटलेलं असतं, हे त्यांना कुणी सांगावं! काच निघाली आणि तिच्याबरोबर माझं चित्रही गेलं. शाई सांडावी तसा काळोख माझ्या अंगावर पसरला. तरीही त्यांनी बेतून कापलेली नवी काच बसवली, कडा घासल्या, पुसून चकचकीत केलं. गोंदाचा ओघळ माझ्या पुढच्या डोळ्यावर आला, तोही गेला; पाठीवरचा एक डोळा तेवढा उरला. मी नव्या काचेखाली ठार काळा पडलो होतो. बाबांनी मला कितीदा दाबून पाहिलं. मग माझ्याशेजारी हात टेकून ते बसून राहिले.

औषधवाल्यानं आपल्या फोनवरून खळीला कळवलं. तिनं नवा फोन पाठवते म्हणून सांगितलं. तो येईपर्यंत बापलेकीत बोलणं बंद.

आणि मग एका सकाळी मी थरथरलो. खळीचा फोन. बाबांनी मला पटकन उचललं आणि सवयीनं काळ्या काचेवर बोट सरकवलं. चित्र गेलं तरी स्पर्श मला अजून कळत होता, आणि त्यांच्या हाताला सवय होती, बोट बरोबर जागी पडलं. त्यांना वाटलं, कदाचित चेहरा दिसेल. नाही दिसला. मग काय करावं ते न कळून त्यांनी मला छातीशी धरलं.

"उचललात?" पलीकडून आवाज आला. खळीचा आवाज! इतकी वर्षं मी तिला दर रविवारी पाहिलं आणि आवाज पहिल्यांदाच ऐकत होतो. "मी नुसता वाजवला होता. म्हटलं, थरथर तरी पोचेल."

मग ती म्हणाली, "बाबा." आणि स्वतःशीच हसली. "कसं वाटतं हो हे म्हणायला. बाबा. तुम्ही... तू... बघ ना, हे ठरवायची वेळच आली नाही कधी."

बाबा भिंतीकडे बघत उभे होते.

"तुमच्यासाठी या म्हणते ना मी, ते खोटं आहे. तुम्हाला कुठं काय होतंय! मलाच करमत नाही इथं. कामावरून येते, दार उघडते, दिवा लावते, आणि पाय आपटते जमिनीवर. वेड्यासारखी. वळून बघायला कुणी नसतं. पण हे हातांनी सांगायचं तर तोंड दिसतं ना तुम्हाला. तोंडावरून सगळं कळतं तुम्हाला. मग तुम्ही दुकान मोडून धावत याल, आणि मला ते नकोय, आणि मला तेच हवंय. बाबा, मला खूप एकटं वाटतं हो."

ती रडायला लागली. मी तिचा आवाज मोठ्यानं, जिवाच्या आकांतानं बाहेर फेकत होतो. सबंध आयुष्य ज्या कामासाठी थांबलो होतो ते काम आलं होतं, आणि ज्याला ऐकवायचं त्याच्या छातीवर मी नुसता थरथरत होतो. बाबांना ती बारीक थरथर लागली. ते हसले. रिकामा हात उचलून त्यांनी समोरच्या भिंतीला सांगितलं, "मी मजेत."

पुढं नवा फोन आला. माझं सिम काढून त्याच्यात घातलं. मला जुन्या खिळ्यांच्या खणात जागा मिळाली. खणाच्या फटीतून रविवार ऐकू यायचे. पलीकडे कडं आपटायचं, इकडे स्टूल करकरायचं, आणि शेवटी तळवा छातीवर पडल्याचा तो आवाज. मजेत. मी आत खिळ्यांमध्ये तडफडायचो. अरे, विचार ना तिला! अगं, सांग ना त्यांना!

पण एक गंमत झाली. बाबा मला विसरले नाहीत. काम नसलं की ते खण उघडायचे, मला छातीशी धरायचे आणि चार्जरची वायर लावायचे. वायर लागली की मी एकदा थरथरतो, आमची जातच तशी. ते वायर काढायचे, पुन्हा लावायचे. पुन्हा एक थरथर. त्या सकाळची लांबलचक थरथर ते माझ्यात शोधत होते. माझ्यात आता तेवढी एवढीशीच उरली आहे. तीच मी दर वेळी दिली.

परवा खळी न कळवता आली. दारात उभी राहून तिनं हे पाहिलं. मग तिनं पाय आपटला. बाबा वळले आणि गडबडीनं मला शर्टाच्या खिशात लपवलं.

मी खिशात. वर काळोख, पाठीशी कापड. दिसत काहीच नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. स्टूल ओढलं गेलं. दुसरं ओढलं गेलं. बाबांनी खिशावर दोनदा बोट आपटलं, म्हणजे माझ्याविषयीच विचारलं असणार. त्या दिवशी काय म्हणालीस?

मग कडं एकदा वाजलं. थांबलं. मला वाटलं, झालं, "जेवलात का" एवढंच विचारलं होतं असं सांगितलं असेल हिनं. पण कडं पुन्हा वाजलं, आणि मग वाजतच राहिलं. टेबलावर, स्टुलावर, एकमेकांवर हात पडत होते. माझ्या कानाखाली बाबांचं काळीज धावत होतं. मग एक आवाज आला तो मी या घरात कधीच ऐकला नव्हता. बाबा तोंडानं काहीतरी म्हणाले. शब्द नव्हता तो, घशातून ओढून काढलेला नुसता स्वर होता. त्यावर खळी हसली की रडली, मला कळलं नाही.

त्या सकाळी त्यांना ऐकू आलं नव्हतं, आणि परवा मला दिसलं नाही.

मी अजून खिशातच आहे. बाहेर कागदाची सळसळ चालू आहे. काचा कागदात गुंडाळताना होते तशी. गिऱ्हाइकासाठी गुंडाळतायत की दुकान बांधतायत, कानांना काय कळणार! माझं जे करायचं ते करा. मोडीत द्या, फेका, खिळ्यांत ठेवा, माझी तक्रार नाही. पण तुमच्यापैकी कुणाला हातांची भाषा येत असेल, तर या दुकानावरून जाताना एकदा आत डोकवा. त्यांचं काय ठरलं ते विचारा, आणि खिशाशी तोंड आणून मला सांगा. हळू सांगितलंत तरी चालेल. माझे कान अजून चांगले आहेत.