चार नंबरचा वॉकीटॉकी

जावयाला त्या आठवड्यात तीन गोष्टी मिळवायच्या होत्या: लाकडाच्या वखारीच्या किल्ल्यांचा जुडगा, वरच्या मजल्यावरची काचेची खोली आणि मेहुण्याची खाली गेलेली मान. नुसती तिसरी मिळत असती, तरी त्याने पहिल्या दोहोंवर पाणी सोडलं असतं.

हा मेहुणा म्हणजे त्याच्या बायकोचा चुलतभाऊ. वखारीत सगळे त्याला पुतण्या म्हणत, कारण वखार त्याच्या काकीची, म्हणजे जावयाच्या सासूची होती. काका गेल्यापासून काकी रोज सकाळी बावीस पायऱ्या चढून काचेच्या खोलीत बसायची. डॉक्टरांनी जिना बंद करायला सांगून दोन वर्षं झाली होती. शेवटी गुडघ्यांनीच हात टेकले, तेव्हा तिने दोघांना वर बोलावलं.

"एक दिवस याने माल उतरवून घ्यायचा, एक दिवस त्याने," ती म्हणाली. "शनिवारी मी पाटी बघणार. ज्याच्या रेघा कमी, त्याच्याकडे जुडगा. सोमवारपासून मी हा जिना चढायची नाही."

पाटीवरच्या रेघा म्हणजे चुकलेल्या हाका. करवती सुरू झाल्या की वखारीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. एका कारागिराने मोबाइलकडे बघता बघता बोट गमावलं, तेव्हापासून सगळे मोबाइल गेटवरच्या पेटीत जमा होत. आत बोलायचं ते वॉकीटॉकीवरून. गाडी आली की गेटवाला हाक देणार, ज्याची पाळी त्याने ओंडक्यांचा आकडा परत म्हणून दाखवायचा, मग गाडी आत. पाच-पाच मिनिटांनी तीन हाका. तिसरीलाही उत्तर नाही, तर गाडीवाला मोकळा. रस्त्यापलीकडे दुसरी वखार होतीच, आणि तिचं गेट सदा उघडं असायचं.

बुधवार संध्याकाळपर्यंत जावयाच्या नावापुढे एक रेघ होती. पुतण्याची जागा कोरी. गुरुवार पुतण्याचा.

वॉकीटॉकी सहा होते, स्वस्तातले, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने आकडा घातलेला. त्यांचे दोन मोड. चॅनल मोडमध्ये आधी भरून ठेवलेलं चॅनल लागतं. वखारीचं एक नंबरचं, तिथेच सगळे बोलायचे. फ्रिक्वेन्सी मोडमध्ये तोच डबा कुठल्या तरी लांबलचक आकड्यावर जाऊन बसतो आणि चॅनलवरचं त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. एका मोडमधून दुसऱ्यात जायला तो बंद करायचा, मेनूचं बटण दाबून धरायचं आणि तसंच चालू करायचं. मोड बदलला की आतून एक बाई तसं सांगते. ती काकीने पहिल्याच दिवशी बंद करायला लावली होती. "वखारीत एक बाई बोलतेय तेवढी पुरे आहे." पडद्यावर बघून कळावं, तर भुसा जाऊ नये म्हणून चांभाराकडून चामड्याची पाकिटं शिवून घेतलेली, आणि त्यांनी पडदेही झाकून टाकले होते. थोडक्यात, फसवायला इतकी सोयीची वस्तू काकीने स्वतःच्या हातांनी तयार करून दिली होती.

गुरुवारी जावई सगळ्यांच्या आधी आला. चार्जरवरून पुतण्याचा चार नंबर उचलला, बंद केला, बटण दाबून चालू केला, पाकिटात सरकवला. काम दोन सेकंदांचं. पुढचाही बेत होता. पुतण्या दोन हाकांना मुका राहणार, तिसरीला जावई स्वतः उत्तर देणार: "मी बघतो, आई. कुणीतरी बघायला हवं ना." रेघ पुतण्याला, शाबासकी जावयाला.

एक गोष्ट मात्र त्याच्या हिशोबातून सुटली. चार नंबर महिन्यापूर्वीपर्यंत त्याचाच होता. कमरेला लावायची क्लिप मोडली, तेव्हा त्याने पुतण्याचा धडधाकट दोन नंबर स्वतःकडे घेतला आणि मोडका चार नंबर त्याच्या गळ्यात मारला. "आपण घरचीच माणसं," असंही वर म्हणाला होता. आणि हा डबा जातीचा इमानी. फ्रिक्वेन्सी मोडमध्ये ज्या आकड्यावर सोडला, परत त्या मोडला आलं की त्याच आकड्यावर उभा. जावयाने तो सोडला होता स्वतःच्या खासगी आकड्यावर. तिथे तो आणि क्रेनवाला, म्हणजे त्याचा शाळेपासूनचा दोस्त, काम नसलं की गप्पा छाटायचे.

साडेदहाला पुतण्या फळ्यांच्या थप्पीमागे उभा होता. कमरेला सुतळीने बांधलेल्या डब्यातून आवाज आला.

"ऐकतोयस का? आपला राजकुमार आज बहिरा झालाय."

"केलंस काय तू?" हा क्रेनवाला.

"मोड फिरवला. आता बोंबलू दे गेटवाल्याला. त्या बावळटाला संध्याकाळपर्यंत कळायचं नाही."

पुतण्याला त्याच क्षणी कळलं. सहाही डब्यांत चॅनल त्यानेच भरले होते. कुठलं बटण किती वेळ दाबायचं, हे त्याच्या बोटांना पाठ होतं. त्याचा हात डब्याकडे गेलाही. आणि तिथेच थांबला.

पुढे ऐकावंसं वाटलं. एवढंच.

तो थप्पीवर बसला. डब्यातून त्याच्या चालण्याची नक्कल झाली, त्याच्या न जमलेल्या लग्नाची चौकशी झाली. प्रत्येक वाक्य तो मनात नीट घडी घालून ठेवत होता. इकडे पहिली हाक गेली, दुसरी गेली. गाडीची वेळ जावयाला ठाऊक होती आणि तिसरीला तो एक नंबरच्या चॅनलवर परतायचा होता, पण माणसाला निंदेची चव लागली की घड्याळ कोण बघतो? तिसरीही गेली. वर काचेच्या खोलीत सहा नंबरच्या डब्यावर काकीने तिन्ही ऐकल्या आणि खडू उचलला. खिडकीतून तिला गाडी वळताना दिसली. समोरच्या गेटातून ती आत गेली, चाळीस सागाचे ओंडके घेऊन.

अकराला पुतण्या जिना चढून वर आला. त्याने सुतळी सोडली आणि डबा काकीच्या टेबलावर ठेवला.

"नुसतं ऐक," तो म्हणाला.

"म्हातारीचं काय करणार?" क्रेनवाला विचारत होता.

"गेटवर खुर्ची टाकून देऊ," जावयाचा आवाज. "कुत्र्याशेजारी. दोघांनी मिळून भुंकावं."

काकीने डबा जवळ ओढला, बाजूचं बटण दाबलं आणि तोंडाशी धरला.

"जावईबापू, खुर्ची हातांची बघा. मला उठताना टेकायला लागतं."

बटण सोडल्यावर नुसती खरखर राहिली. खाली अंगणात क्रेनचा हात जिथे होता तिथेच थांबला.

पाच मिनिटांत जावई वर हजर. धापा टाकत होता. "आई, ती आपली थट्टा होती."

"होय तर. मी हसले की. तुम्हाला ऐकू गेलं नाही का?"

"यानेच माझ्या बोलण्यावर पाळत ठेवली. याला विचारा."

"तूच फिरवलास ना माझा डबा?" पुतण्या म्हणाला. "आणि तोही स्वतःच्याच बिळात नेऊन ठेवलास. अक्कल वाटत होते तेव्हा तू कुठल्या मोडवर होतास?"

"तोंड सांभाळून बोल. मी या घरचा जावई आहे."

"म्हणून तर इतके दिवस कुणी काही बोललं नाही."

मग पुतण्याने घड्या उलगडल्या. नक्कल, लग्न, बावळट, राजकुमार, सगळं क्रमवार, एक शब्द न गाळता. काकी ऐकत राहिली. तो थांबल्यावर तिने विचारलं, "पहिलं वाक्य कधी ऐकलंस?"

"साडेदहाला."

"तेव्हाच कळलं, मोड फिरवलाय ते?"

"लगेच." त्यात थोडा अभिमानही होता.

"परत फिरवायला किती वेळ लागतो?"

पुतण्या सुतळी बोटाला गुंडाळू लागला.

"दोन सेकंद, आई," जावई तत्परतेने म्हणाला.

"तुम्हाला ठाऊक असणारच." काकीने पाटी फिरवून पुतण्यासमोर धरली. "पहिली हाक दहा पस्तीसला. दहा चाळीस. दहा पंचेचाळीस. गाडी समोर गेली. आणि तू थप्पीवर बसून स्वतःची निंदा गोळा करत होतास."

"तू तर ऐकत होतीस ना, काकी? खिडकीतून गाडी दिसत होती. तू का नाही दिलंस उत्तर?"

"परीक्षा माझी नव्हती."

"ओंडके तुझे होते."

हे मात्र तिला झोंबलं. काही वेळ ती गुडघा चोळत राहिली. मग तिने टेबलावरचा जुडगा उचलला, पदराच्या टोकाला बांधला आणि दोघांकडे न बघता म्हणाली, "खाली जा. करवती बंद का आहेत ते बघा."

आता शेवटची बेरीज. क्रेनवाल्याने नोकरी गमावली. समोरच्या वखारीने त्याला चार दिवसांत ठेवून घेतलं, त्यामुळे तो जमेत. जावयाची काचेची खोली हुकली आणि सासरचं जेवणही. बायको माहेरी एकटी येते आणि उभ्या उभ्या जाते. पुतण्याची मान खाली गेली नाही, पण ती वर ठेवायला त्याच्या हातात जुडगाही नाही. अजून तो माल उतरवतो, आणि हाकेला पहिल्या शब्दाला उत्तर देतो.

सोमवारी सकाळी काकीने कठडा धरला. बावीस पायऱ्या, मध्ये दोनदा टेकून. तिथून पुढे रोज.