वाटाण्याएवढ्या तोंडाची बंदूक

मित्रांनो, मी एक जुनी बंदूक आहे, पॉइंट टू टू बोअरची. माझ्या नळीचं तोंड वाटाण्याएवढं, म्हणून मला हसू नका. अमेरिकेत, मॉन्टानातल्या सोलबर्गांच्या शेतावर आजही माझाच वट आहे!

अक्रोडाच्या दस्त्याची मी, इथल्या मालकीण व्हर्नाबाईंच्या लग्नात आहेर म्हणून आले. काम एकच, लसूणघासातले गोफर टिपायचे. गोफर म्हणजे इथली बिळात राहणारी खार. दिसते गोजिरवाणी, पण उभं पीक फस्त करते आणि तिच्या बिळात अडकून गाईचा पाय मोडतो. बाई मला तेल देत, फडक्यानं पुसत. पुढे मालक वारले, बाईंचे गुडघे धरले आणि मी कपाटात गेले. नळीत कोळ्यानं संसार थाटला. फार वाईट वाटायचं हो.

एका वसंतात गोफरांनी कहर केला. घास गेला तर हिवाळ्याला चारा नाही, आणि चारा नाही तर गाई विकायच्या. कापणीच्या आठवड्यात येतो, असं गुरांच्या व्यापाऱ्यानं कळवलंही होतं. बाईंचं जेवणावरचं मन उडालं.

तेव्हा जावई लाइल हरणं मारायची थोरली बंदूक घेऊन धावून आला. मोठी गोळी म्हणजे खात्रीचं काम, असं त्याचं म्हणणं. तिच्या एका काडतुसाच्या किमतीत माझी मूठभर येतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! धडाम् झालं. एक गोफर मेला, बाकीचे बिळात गडप झाले ते दुपारपर्यंत वर येईनात. गाई मात्र कुंपण तोडून शेजारच्या रानात पळाल्या. लाइल म्हणाला, याहून मोठी आणू का?

"जावईबापू, डास मारायला तोफ आणलीत तेवढी पुरे," बाई म्हणाल्या. "कपाटातली माझी बंदूक द्या."

"आई, ते खेळणं?"

"खेळणं तर खेळणं. आधी नळी साफ करा."

दुसऱ्या दिवशी बाई मला घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रेलरवर बसल्या. समोर मातीचा उंच बांध, चुकलेली गोळी त्यात जिरावी म्हणून. मग त्यांनी दातांतून बारीक शिटी घातली. गोफरांची एक खोड आहे. शिटी ऐकली की पळता पळता थांबतात आणि खुंटीसारखे ताठ उभे राहतात. टक्! एक आडवा. माझा आवाज तो केवढा! जवळच चरणाऱ्या गाईनं मानसुद्धा वळवली नाही. थोड्या वेळानं पुन्हा शिटी, पुन्हा टक्. लाइलनंही शिटी घालून पाहिली, नुसती हवा निघाली. आम्ही दोघी रोज शेतावर जात होतो. गोफर विरळ झाले, घास गुडघ्याला लागला, फुलावर आला.

व्यापारी आला तेव्हा घासाच्या गंज्या गोठ्याच्या छपराला भिडल्या होत्या.

"गाई विकायच्या नाहीत," व्हर्नाबाई म्हणाल्या. "कॉफी घ्या आणि ट्रक रिकामा न्या."

मित्रांनो, त्या क्षणी माझी छाती दस्त्यात मावेना! आता मी कुलपात असते, पण मानानं, आणि मला तेल द्यायला लाइल स्वतः येतो. माझ्यासारखीला हात लावायचा तो मोठ्यांनीच. पण तुमच्या घरी कोपऱ्यात एखादं जुनं अवजार गंजत असेल, तर भंगारात घालण्याआधी ते पुसा, तेल द्या, एकदा कामाला लावून बघा. मोठ्या आवाजाला भुलू नका. आमच्या गाई अजून आमच्याच गोठ्यात आहेत.