दोन्हीकडे पिना असलेली वायर

मित्रांनो, मी एक जुनी वायर आहे, आणि माझं कौतुक करायला कुणी येऊ नये. साध्या वायरीला एकीकडे पिना असतात, दुसरीकडे भोकं. मला दोन्ही टोकांना पितळी पिना आहेत. असली वायर कुठलाही भला दुकानदार विकत नाही. क्वेबेकमधल्या एका खेड्यात रेजां नावाच्या अतिशहाण्या म्हाताऱ्याने मला मेपलचा रस आटवायच्या खोपटात बसून बनवलं.

आमच्याकडे हिवाळ्यात पाऊस पडता पडता गोठतो. तारांवर मनगटाएवढा बर्फ चढतो, तारा तुटतात, आठवडाभर वीज नसते. मग रेजां अंगणात जनरेटर लावायचा. माझं एक टोक त्यात, दुसरं कपडे वाळवायच्या यंत्राच्या सॉकेटमध्ये. झालं, अख्खं घर उजळायचं. शेजारी मेणबत्तीच्या उजेडात वाटाण्याचं सूप प्यायचे आणि हा ओसरीवरचा दिवासुद्धा मुद्दाम चालू ठेवायचा. दहा हिवाळे मी त्याची ही मिजास पाहिली. मला त्याची चीड यायची.

"मेन स्विच बंद केलास का?" त्याची बायको गिस्लेन दर वेळी विचारायची. "नाहीतर आपली वीज बाहेरच्या तारेत जाते. आपली पोर तारा जोडायला खांबावर चढते, लक्षात आहे ना?"

"मला नको शिकवूस. तू सूप ढवळ."

अकराव्या हिवाळ्यात वीज गेली तेव्हा मात्र कंपनीची वीज आली की लगेच कळावं म्हणून त्या शहाण्याने मेन चालूच ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी दारात उभी राहिली. जोसलिन. रबरी मोजे हातातच, ओठ पांढरेफटक.

"हात लावायच्या आधी तार तपासली, म्हणून जिवंत आहे," ती म्हणाली. "गावात वीज नाही आणि तारेत वीज. माग काढत आले. अख्ख्या रस्त्यावर एकच दिवा, माझ्या बापाचा."

रेजां मला लपवायला धावला आणि त्याने मला भिंतीतून उपटलं.

"आधी जनरेटर बंद कर," गिस्लेन म्हणेपर्यंत उशीर झाला होता. माझ्या उघड्या पिना त्याच्या तळहातावर टेकल्या. मी चावले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला जराही वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते नंतर, जोसलिनने धावत जाऊन जनरेटर बंद केला आणि बापाचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा.

रेजां वाचला. त्याची दोन बोटं आता वळत नाहीत, चमचा डाव्या हातात धरतो. जनरेटरसाठी जाणत्या वायरमनने वेगळा स्विच बसवलाय. जोसलिनने मला मधोमध कापून त्याच्या खुर्चीसमोर खिळ्याला टांगलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं सगळेच सांगतात. मी नाही सांगणार. माझ्यासारखी वायर लावलेली दिसली तर आधी जनरेटर बंद करा, मग तिचे तुकडे करा. आणि जो ती बनवतो त्याला विचारा, खांबावर कुणाची पोर आहे.