सुकाणूच्या बिजागरीवरचं बोट

श्रावणातलं ऊन ते! क्षणात सोनसळी, क्षणात मेघमलिन. खाडीच्या करड्या-हिरव्या जळावर ते उतरे, थरथरे आणि विझे. नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली होती. पावसाळ्यासाठी झावळ्यांनी शाकारलेल्या होड्या समुद्राची वाट पाहत होत्या आणि सगुणा समुद्राला भीत होती.

कोळ्याची बायको समुद्राला भिते, हे सांगायचं तरी कुणाला? गेल्या मोसमात सुकाणूची एक बिजागरी गंजून तुटली, होडी आडवी झाली आणि तिचा धाकटा दीर परतलाच नाही. आता त्याच सुकाणूवर तिचा नवरा बसणार होता. मन चिंती ते वैरी न चिंती.

उरलेल्या दोन बिजागऱ्या घेऊन ती दाऊदभाईंच्या शेडमध्ये आली होती, पुन्हा गंजू नयेत म्हणून जस्ताचा मुलामा चढवायला. त्यांनी तारेच्या ब्रशने गंज खरवडला. तांबडा गंज, तपकिरी गंज, वर्षानुवर्षांचा खारट, हट्टी गंज. सोड्याच्या उकळत्या पाण्यात तेलकटपणा गेला, तेजाबात उरलासुरला डाग गेला आणि लोखंड निघालं राखाडी, निरागस, नुकत्या न्हालेल्या बाळासारखं. याला आता उघडा हात लावायचा नाही, तेलकट बोट लागलं तिथे जस्त धरत नाही, असं बजावून ते भट्टीकडे गेले.

सगुणाला राहवेना. एवढ्या मोलाच्या वस्तूला कुंकू नको? केसांतल्या खोबरेलावरून बोट फिरवून तिने ते कुंकवाच्या पुडीत टेकवलं, मोठ्या बिजागरीला टिळा लावला, नवऱ्याचं नाव मनातल्या मनात घेतलं. तोच पावलं वाजली. तिने घाईघाईने पदराने पुसलं. कुंकू गेलं, तेल राहिलं.

जस्त वितळलं होतं. तप्त, रजतवर्ण, निश्चल. चिमट्यात तीच मोठी बिजागरी चढली आणि सगुणा एक पाऊल पुढे सरकली. बोलावं तर भाई रागावतील. न बोलावं तर तेवढाच ठिपका उघडा राहील आणि तेवढ्यातूनच समुद्र आत शिरेल.

"भाई, थांबा. तेलाचं बोट लागलंय तिला. मी टिळा लावला होता."

दाऊदभाईंनी चिमटा खाली घेतला. ते रागावले नाहीत, हेच तिला जड गेलं.

"देवाला मनातलं कळतं, वहिनी," ते म्हणाले. "जस्ताला नाही कळत."

हातमोजे आणि ब्रश त्यांनी तिच्याकडेच दिले. स्वतःचा टिळा तिने स्वतः घासला. सोड्यात बुडवून घासला, पुन्हा बुडवून पुन्हा घासला, डोळे दंडाला पुसत घासला. मग पुन्हा तेजाब, पुन्हा पाणी, शेवटी भट्टीच्या धगीवर सुकवणं.

बिजागरी जस्तात उतरली. धूर उठला, धवल, दाट, डोळ्यांना झोंबणारा. वर आली ती अखंड, अव्यंग, चांदण्याच्या रंगाची. सगुणाचे हात शिवशिवले. तिने ते पाठीमागे नेले, आणि बोटांत बोटं घट्ट गुंफून उभी राहिली.