नाशिकच्या उन्हाचा बेत

मी फिरकीचा तांब्या बोलतोय. पितळेचा, पोटाने गोल, गळ्याला आटे पाडलेला. माझं झाकण फिरवून घट्ट बसवलं की मला गाडीच्या फळीवर आडवा टाका नाहीतर पिशवीत उलटा कोंबा, थेंब सांडायचा नाही. घरातले बाकीचे तांबे चुलीपासून न्हाणीपर्यंत जातात आणि परत येतात. माझा जन्म मात्र प्रवासासाठी.

भंडाऱ्याच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं आणि गाठोड्यात बांधून मलकापूरच्या भांड्यांच्या दुकानात पाठवलं. तिथे मी कडीला टांगलेला असे. स्टेशन जवळच होतं. गाडी आली की दुकानातली सगळी भांडी हलकेच किणकिणत, आणि मला वाटे, आता कुणीतरी येईल आणि मला घेऊन जाईल.

आले ते अमडापूरचे महादेवराव. महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती. सरकी काढायच्या जिनात कापसाच्या गाड्या रित्या करून ते दुकानात शिरले. अंगाने उंच, आवाजाने मोठे, पण वस्तू हातात घेताना फार जपून घेणारे. त्यांनी माझं झाकण चार वेळा लावलं, चार वेळा काढलं.

"कुठं निघाले पाटील?" दुकानदाराने विचारलं.

"नाशिकले."

दुकानदाराचा आवाज एकदम खाली आला. "अरे रे. कोन गेलं घरचं?"

"कोनी नाई गेलं बे! बायकोले उनात बसवाले नेऊन राह्यलो."

दुकानदार हसला. त्याला वाटलं पाटलांनी गंमत केली.

सुभद्राबाई, म्हणजे महादेवरावांची बायको, दम्याची माणूस. पावसाळा ती कसाबसा काढी, पण दिवाळी सरली आणि पठारावरचा गार वारा सुटला की तिची छाती वाजायला लागे. चिखलीच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि वर सांगितलं, की हिवाळ्यात महिनाभर कुठेतरी कोरड्या हवेत, भरपूर उन्हात ठेवा. महादेवरावांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, नाशिक. गोदावरीचा घाट, दिवसभर ऊन, आणि मलकापुराहून थेट गाडी.

त्यांनी मला ओसरीवर तिच्यासमोर ठेवलं. तिने मला उचललं, पदराने पुसलं, झाकण उघडून आत पाहिलं.

"तांब्या तं झ्याक आहे," ती म्हणाली. "पन थंडीत कोनता शेतकरी गाव सोडते? कापूस कोन वेचीन?"

तो प्रश्न खरा होता. शेतकऱ्याने गावाला जायचं ते उन्हाळ्यात, शेत मोकळं झाल्यावर. हिवाळ्यात घरात कापूस आणि शेतात कापूस. पण महादेवरावांनी बेत सोडला नाही. संध्याकाळी जेवणं झाली की ते माझ्या शेजारी बसत आणि बेत सुरू होई. पंचवटीत खोली भाड्याने घ्यायची. ज्वारीचं पीठ घरचं न्यायचं, तिकडच्या बाजरीची भाकर सोसायची नाही. सुभद्राबाई ऐकता ऐकता एकेक सामान वाढवी. गोधड्या दोन न्या. मग चार न्या. पाटा-वरवंटा न्यावा का? महादेवराव म्हणत, "घरच उचलून नेतं काय मंग?" आणि दोघंही हसत. हसता हसता तिला खोकला येई.

आतल्या दाराआडून गोजरबाई ऐकत असे. ती महादेवरावांच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ लवकर गेला, मूल नव्हतं, तेव्हापासून ती याच घरात. भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, ती कधी बोलत नसे. तिचं बोलणं सगळं सुभद्राबाईंशी, आणि कामाशी.

पहिल्या हिवाळ्यात कापूस उशिरा फुटला आणि जाणं राहिलं. दुसऱ्या हिवाळ्यात सुभद्राबाईंच्या भाचीचं लग्न निघालं. तिसऱ्या हिवाळ्यात गाय व्यायला झाली होती, आणि सुभद्राबाई म्हणाली, की तिले सोडून मले कुठं जायचं नाई.

मी मात्र फिरलो! गावात फिरकीचा तांब्या मी एकटाच. कुणी नागपूरला निघालं, कुणी ओंकारेश्वरला, की सुभद्राबाईंच्या दारात उभं. "काकू, तुमचा तांब्या द्या दोन दिवस." ती कुणाला नाही म्हणत नसे. मी किती खिडक्यांतून किती मुलूख पाहिला! आणि एकदा गावातल्या भाऊरावांबरोबर चक्क नाशिकलाही जाऊन आलो. त्यांना वडिलांचं श्राद्ध करायचं होतं. मला त्यांनी रामकुंडाच्या पायरीवर ठेवलं, घाईघाईने विधी उरकले आणि संध्याकाळची गाडी पकडली.

परत आलो तेव्हा सुभद्राबाईने मला घेता घेता विचारलं, "तिथचं ऊन कसं आहे, भाऊराव?"

"ऊन?" भाऊराव गोंधळले. "उनासारखं ऊन. मी तं कामाले गेल्तो काकू. तिथी काय माणूस ऊन पाहाले जाते?"

तिने मला घासायला घेतलं आणि बराच वेळ घासत राहिली. तिचे हात थांबले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हिच्या मनात कापूस नाही, भाची नाही, गायही नाही. हिच्या मनात काहीतरी दुसरंच आहे.

चौथ्या हिवाळ्यात तिचा दमा फार वाढला. उशाला टेकून, बसल्या बसल्या झोपायची. महादेवरावांनी या खेपेला कुणाला विचारलं नाही. त्यांनी भरदुपारी वळकटी बांधली, पीठ डब्यात भरलं, मला भरून ओट्यावर ठेवलं. विहिरीवर पाणी आणायला म्हणून गेले आणि येऊन पाहतात तो वळकटी सोडलेली, गोधड्या परत दांडीवर.

"काऊन सोडली?"

सुभद्राबाई भिंतीला टेकून बसली होती. "गहू ओंब्यावर आले."

"गव्हाचं नोको सांगू. तीन वर्षं झाले, तू टाळून राह्यली. मले काय समजत नाई?"

तिने श्वास गोळा केला. मग म्हणाली, "मंग तुमी खरं सांगा. डाक्तरनं काय सांगतलं तुमाले?"

"ऊन घ्या म्हने."

"अन् नाशिकच काऊन मंग? नाशिकले कोन जाते आपल्या गावातून? राख घेऊन जातेत. तुमच्या बाबाची राख तिथीच नेली. माह्या आईची बी." तिचा आवाज चिरकला. "मी वाचत नाई, असं सांगतलं नं त्यानं? म्हनून तुमी मले तिथी नेऊन राह्यले. मले नाई जायचं. मरायचं असन तं मी इथीच मरीन, माह्या घरात."



महादेवराव खाली बसले. जमिनीवर, तिच्या समोर. इतका मोठ्या आवाजाचा माणूस, पण बोलले ते अगदी हळू.

"बाबाची राख सोडाले मी गेलो तवा आपल्या लगनाले वरीस नवतं झालं. गुरुजी गेले आपले दक्षिणा घेऊन. मी एकटाच पायरीवर बसलो. सकाळभर पाण्यात काकडलो होतो. अन् मंग ऊन आलं पाठीवर. असं ऊन सुभद्रे, जसं कोनी हात ठेवला. समोर एक बाई पाण्यात पाय सोडून बसली होती, पेरू खाऊन राह्यली होती. तिले काई काम नवतं. कोनी तिले आवाज देत नवतं. मले वाटलं, आपली बायको ह्या वक्ती घरी गार पाण्यात भांडे घासत असन. तवाच मनात आलं, तिले इथी आनून बसवाव."

"तवाच?"

"हाव."

"मंग इतक्या वरसात बोलले काऊन नाई?"

"काय बोलू? लोकं हासतेत. बायकोले उनात बसवाले नेतो म्हटलं तं मलकापूरचा दुकानदार हासला. डाक्तरनं सांगतलं तवा मले बरं वाटलं. म्हटलं, आता तं कारन भेटलं."

सुभद्राबाईला हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणीही. "आडमुठे," ती म्हणाली. नवऱ्याला असं म्हणताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

तेवढ्यात दाराआडून आवाज आला. "बाई, त्यायले म्हना, कापसाचं मी पाह्यतो. गव्हाचं बी. गायीचं बी. तुमी दोघं निंघा आता. गोधड्या मी बांधून देतो."

ती गोजरबाई. आणि तिने खरंच स्वतःच्या हातांनी वळकटी बांधली, अशी करकचून की नाशिकला ती सोडताना महादेवरावांच्या नखाला लागलं.

दुसऱ्या दिवशी एस्टीने बुलढाणा, मग घाट उतरून मलकापूर, आणि मग गाडी. मी खिडकीशी होतो. सुभद्राबाई दर स्टेशनावर माझं पाणी प्यायची आणि नव्याने भरायची, तहान नसली तरी.

पंचवटीत एक खोली मिळाली. पहिले दोन दिवस ती घाटावर पदर डोक्यावर घट्ट ओढून बसली, पाहुण्याच्या घरी बसावं तशी. तिसऱ्या दिवशी डोक्यावरून न्हाली आणि ओले केस सोडून पायरीवर उन्हाला पाठ करून बसली. गावात सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर तिचा पदर कधी ढळला नव्हता. इथे तिला ओळखणारं कुणीच नव्हतं. धुणं धुणाऱ्या बाया तिच्याशी बोलू लागल्या. दम्याचा जोर कमी झाला. एका रात्री ती आडवी होऊन झोपली, पूर्ण रात्र, आणि सकाळी महादेवराव तिच्या उशाशी घाबरून बसलेले. त्यांना वाटलं, ही हलत का नाही!

दहा-बारा दिवसांत महादेवरावांचं मात्र चित्त उडालं. कापूस, भाव, गाय. तोंडाने बोलत नव्हते, पण तिला कळलं.

"तुमी जा घरी," ती म्हणाली. "मले संक्रांतीनंतर न्याले या."

"एकटी राहशीन?"

"राह्यतो की. काय खाऊन टाकते मले इथी?"

ते गेले. तिने मला ठेवून घेतलं, आणि ते गाडीत तहानेले गेले. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःच्या एकटीच्या खोलीत राहिली. स्वतःपुरती भाकर करायची, मनाला येईल तेव्हा खायची. संक्रांतीला शेजारणींना बोलावून तिने तीळगूळ वाटला. त्या दिवसांत तिच्या हाताला जी ऊब होती ती मला आजही आठवते.

दमा काही गेला नाही. तो तिचा सोबतीच. पण तेव्हापासून दर हिवाळ्यात दोघं नाशिकला जातात, आणि गावात आता कुणी हसत नाही.

माझं म्हणाल, तर माझे आटे झिजले. झाकण नुसतंच गोल फिरतं, बसत नाही. दोन वर्षांपूर्वी गाडीत मी एका बाईच्या लुगड्यावर सांडलो, आणि पुढच्या खेपेला महादेवरावांनी प्लॅस्टिकची हिरवी पाण्याची पिशवी आणली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण आज सकाळी ती दोघं ती पिशवी घेऊन एस्टीत बसली तेव्हा मला बरंही वाटलं. माझ्यावाचून अडलं नाही, हेच खरं चांगलं.

मला आता गोजरबाई वापरते. तोंडात फडक्याचा बोळा कोंबून शेतात नेते, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सावलीत ठेवते. कापूस वेचून तिची बोटं चिरली आहेत. दुपारी ती माझ्यातलं पाणी पिते आणि एस्टीच्या सडकेकडे बघते.

सुभद्राबाई दर वर्षी परत आली की तिला सगळं सांगते. घाट, पायऱ्या, धुणाऱ्या बाया. गोजरबाई ऐकते आणि म्हणते, "मले काय करायचं?" आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच विचारते, पायऱ्या किती रुंद आहेत, दोघी जणी बसतीन काय.

त्या घरात सगळी चांगली माणसं आहेत. म्हणूनच मला नवल वाटतं, की हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मी तर भांडं, आणि आता तोंडात बोळा असलेलं भांडं. तुम्ही अमडापूरला कधी गेलात, तर महादेवरावांच्या घरी जा, चहा घ्या. माझ्या झाकणाचं काही करू नका, ते राहू द्या. फक्त दाराआड उभ्या असलेल्या बाईला एकदा विचारा, गोजरबाई, तुम्हाला यायचंय का नाशिकला?