गलगंडाची गोळी

अंजनगाव सुर्जीच्या वच्छलाचा गळा तीन वर्षांत असा फुगला, की तिला मान वळवता येईना. शेतात कापूस वेचता वेचता डोळे मिटायचे. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी मिठाला. नवऱ्यानं, खुशालरावानं, आयोडीनचे थेंबही आणले. वर्षभर घेऊनही गाठ वाढतीच.

एकोणीसशे एकसष्टच्या दिवाळीनंतर दोघं अमरावतीला डॉक्टर हेमचंद्रांकडे गेले. तपासण्या झाल्या.

"बाई, आयोडीन कमी नाही," डॉक्टर म्हणाले. "गळ्यातल्या ग्रंथीत एक प्रथिन साठतं. तिथल्या पेशींनी ते फोडलं, की रस सुटून रक्तात जातो. तुमच्या पेशींना ते नीट फोडता येत नसावं. रस मिळेना, म्हणून शरीर ग्रंथीला सारखं राबवतं, अन् ती फुगते."

"म्हंजे घरात दाना भरला हाये अन् मीच उपाशी?"

"तसंच. जन्मतःच असतं हे. माहेरी कोणाला आहे?"

वच्छलाच्या डोळ्यांपुढं देवमन आला. तिचा धाकटा भाऊ. गळा सुजलेला, गाव त्याला येडाच म्हणे. पण तोंडून निघालं, "नाई." काहून, ते तिचं तिलाच कळलं नाही.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. जनावराची ग्रंथी वाळवून केलेल्या.

"आमी महानुभाव आहो, डाक्टरसाहेब! मांसाले शिवत नाई!" खुशालराव उठूनच उभा राहिला.

आठ दिवस पुडी भिंतीतल्या देवळीत पडून होती. पाप कोणतं? हे गिळणं, की देवानं दिलेलं शरीर असं सुजू देणं?

"तूच ठरव," खुशालराव म्हणाला. "मले काई समजून नाई राह्यलं."

नवव्या दिवशी तिनं गोळी घेतली आणि तीनदा चूळ भरली. होळीपर्यंत सुस्ती गेली, गाठ उतरू लागली. मग मात्र ती एकटीच अमरावतीला गेली आणि डॉक्टरांना देवमनचं सांगितलं.

"गाठ बसेल त्याची," डॉक्टर म्हणाले. "बुद्धीचं सांगता येत नाही. तान्हेपणीच औषध मिळायला हवं होतं."

देवमनसाठी गोळ्या घेऊन ती बाळापूरला माहेरी आली. बरं झाल्याचा आनंद करावा की रडावं, तिला कळेना. देवमन ओसरीवर बसला होता. तिनं त्याच्या तळहातावर गोळी ठेवली.

"गोड हाये का, बाई?" त्यानं हसून विचारलं.

वच्छलानं त्याच्या दुसऱ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला.