शेवटच्या पाटीवरचं नाव

"नावांच्या पाट्या दुसऱ्याच्या हाती द्यायच्या नाहीत, कियो. लिहून घ्यायला आपण जायचं, कॅमेऱ्याखाली ठेवायलाही आपणच."

ओगासावारासाहेबांचा आवाज अजून कानात आहे. क्योतोच्या स्टुडिओत मी त्यांना चहा नेऊन द्यायची. अठरा वर्षांनी निर्माती म्हणून त्यांच्याच खुर्चीत बसले.

चित्रपटाच्या सुरुवातीला पडद्यावर नावं येतात, त्यांत पहिली पाटी नायकाची. पण सगळ्यांत शेवटी एकटं येतं ते नाव मानाचं, आणि ते मी शिगेनोबाईंना कबूल केलं होतं. चाळीस वर्षं बाई पडद्यावर आया, विधवा, मोलकरणी झाल्या; नाव कायम गर्दीत. या चित्रपटासाठी त्र्याहत्तराव्या वर्षी, भर जानेवारीत, त्या गुडघाभर नदीत उभ्या राहिल्या. पाय पुसता पुसता एवढंच म्हणाल्या, "पोरी, एकदा मला शेवटी एकटी येऊ दे." मी वाकून हो म्हटलं.

पाट्या चित्रित व्हायच्या त्या सकाळी घरी फोन वाजला. स्टुडिओचे प्रमुख कुराहाशीसाहेब बोलावत होते. मी रोज बौद्ध सूत्राचं एक पान ब्रशनं उतरवते. ते होईपर्यंत पाणीही घेत नाही. पान अर्धं टाकून धावले.

"आकिझुकीला शेवटची पाटी हवीय," साहेब म्हणाले. "नाहीतर पुढचा चित्रपट करणार नाही म्हणतो."

"ते नायक आहेत. पहिली त्यांचीच आहे ना?"

"पहिली त्या नव्या नायिकेला देतोय. बघा, केवढा उदार झालाय! म्हातारीला कुठंतरी मधे बसवा, फुलं पाठवा."

"मी शब्द दिलाय, साहेब."

"शब्द तुमचा, मुरोताबाई. स्टुडिओ माझा. बाराला पाट्या कॅमेऱ्याखाली जातील. शेवटी तिचं नाव दिसलं, तर उद्यापासून येऊ नका."

मी वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडले.

पाट्या लिहिणारे हिराइवाकाका स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसत. पोचले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. पाट्या ओळीनं वाळत होत्या. शेवटची आकिझुकींची.

"शिगेनोबाईंची कुठाय?"

"साहेबांचा फोन आला. चार नट्यांची एक पाटी आहे, तीत पाचवं नाव घाला म्हणाले." काका मान वर करेनात. "ते काही माझ्या हातून झालं नाही. पण वेगळी पाटीही मी लिहिणार नाही, कियोताई. या वयात मला कोण काम देणार?"

"मी तुम्हाला भरीला घालणार नाही, काका."

"चहा तरी घ्या. ओठ बघा कसे सुकलेत."

"पान व्हायचंय अजून."

मग शाई घोटायचा दगड आणि जाड ब्रश काकांनी हळूच माझ्या बाजूला सरकवला.

"लिहिणार नाही म्हटलं मी. ब्रश देणार नाही असं कुठं म्हटलं?"

रोज बारीक अक्षर गिरवणारा माझा हात. एवढं मोठं नाव कधी लिहिलं नव्हतं. मनात सूत्राची उरलेली ओळ धरली. एकेक रेघ ओढत शिगेनोबाईंचं नाव कोऱ्या पाटीवर उतरवलं. काकांच्या अक्षरापुढे माझं वेगळं दिसत होतं. कुणी लिहिलं ते सांगायला नको होतं.

बाराला वीस कमी. वाळलेल्या पाट्या गोळा करून आकिझुकींची पाटी मी तळातून काढून सगळ्यांत वर, पहिली म्हणून ठेवली आणि गठ्ठा कापडात बांधून खांद्याला लावला. शाई ओली होती, म्हणून शिगेनोबाईंची पाटी दोन्ही हातांवर आडवी धरली. कॅमेऱ्याच्या खोलीकडे जाताना साहेबांची खिडकी लागते.

मी जोडे पायात सरकवले आणि त्याच वाटेनं निघाले.